झाडं काय कमी आहेत?

‘पक्ष्यांनी झाडावर राहावं, माणसाच्या घरात त्यांचं काय काम? झाडं काय कमी आहेत?’ कुंडीत, मीटरच्या पेटीवर किंवा एसीच्या मागे काड्या दिसल्या की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांनी पाठवलेल्या सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रात एखादा तरी पक्षी असतोच. शिवाय त्यांच्याकडे कारणं तयार असतात: घाण होते, रोग होतात, रंगकाम अडतं, आणि घराचे हप्ते आम्ही भरतो, चिमणी नव्हे. या कारणांच्या जोरावर दर उन्हाळ्यात सोसायट्या-सोसायट्यांत केरसुणीच्या एका फटक्यानं घरटी खाली येतात आणि ती पाडणाऱ्याला आपण काही वावगं केलं असं वाटतही नाही. तेव्हा ही कारणं एकदा तपासून बघायला हवीत.

आधी झाडांचं बघू. घराच्या आडोशाला येणारे नेहमीचे पक्षी कोणते? चिमणी, साळुंकी, दयाळ, पारवा म्हणजे आपलं कबुतर, पाकोळी, क्वचित गव्हाणी घुबड. यांतलं कुणीही सहसा फांदीच्या बेचक्यात काड्यांचं घरटं बांधत नाही. चिमणी, साळुंकी, दयाळ यांना भोक लागतं. झाडावर ते ढोलीच्या रूपात मिळतं आणि ढोली असते जुन्या, अर्धवट वाळलेल्या झाडाला. असं झाड शहरात उभं राहूच दिलं जात नाही. वाळकी फांदी गाडीवर पडेल म्हणून पावसाळ्याआधी छाटली जाते, म्हातारं झाड रस्ता रुंद करताना जातं, आणि त्याच्या बदल्यात लावलेल्या रोपाला ढोली पडायला एक पिढी उलटावी लागते. मग साळुंकीला एसीच्या पाइपाभोवतीचं भोक सापडतं आणि दयाळाला भिंतीतून बाहेर आलेलं, कुणी न वापरणारं पाइपाचं तोंड. ज्यांना आपण ‘झाडावर जा’ म्हणतो त्यांची झाडं आपणच तोडलेली असतात.

पारव्याचा तर झाडाशी संबंधच नाही. कडेकपारी हे त्याचं मूळ ठिकाण. सह्याद्रीच्या कड्यांत, किल्ल्यांच्या तटांत, जुन्या विहिरींच्या चिऱ्यांमधल्या फटींत तो आजही आहे. आठव्या मजल्याच्या खिडकीवरचा सज्जा त्याच्या लेखी कडाच. पाकोळीची गोष्ट याहून अवघड. तिच्या पायांची ठेवणच अशी की तिला फांदीवर बसता येत नाही. ती उडता उडता खाते, उडता उडता पाणी पिते आणि टेकायचं झालं तर उभ्या भिंतीला नखांनी लटकते. पिसं आणि गवत लाळेनं चिकटवून ती देवळाच्या मंडपात, पुलाखाली, जुन्या इमारतीच्या छताच्या कोपऱ्यात घर करते. तिला झाड दाखवून काय उपयोग?

वाड्यांच्या आणि कौलारू घरांच्या काळात हा वाद फारसा नव्हता, कारण भिंतींना कोनाडे होते, वाशांमध्ये फटी होत्या, छपराला झरोके होते. आजोबांच्या तसबिरीमागे चिमणीचं घरटं असणं ही काही बातमी नव्हती. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. जेवणाच्या पानात काडी पडली की तेव्हाही बायका चिमणीच्या नावानं बोटं मोडतच असत. फक्त त्या काडी उचलून टाकायच्या आणि पुढचा घास घ्यायच्या.

आता ज्यांना झाडझुडूप खरोखर चालतं ते पक्षी घेऊ: बुलबुल, शिंपी, होला, शिंजीर. हे बाल्कनीत का येतात? कावळा आणि मांजर हे त्याचं मोठं कारण. माणसाची सतत ये-जा असते तिथे कावळा जरा बिचकतो आणि या छोट्यांना तेवढी उसंत पुरते. शिंजिराची मादी दारावरच्या वायरीला, कपड्यांच्या दोरीच्या टोकाला किंवा वेलीच्या लोंबत्या फांदीला घरटं टांगते. ते जवळून पाहण्यासारखं असतं. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेली वीतभर लांबट पिशवी. तिला बाहेरून चिकटवलेली सुकी पानं, सालींचे कपचे, कागदाचे कपटे. बाजूला जेमतेम अंगठा जाईल एवढं तोंड आणि त्या तोंडावर पुढे काढलेली इवलीशी पडवी. आतलं अस्तर मात्र मऊ, म्हातारीच्या कापसाचं. बाहेरून हे सगळं लोंबणाऱ्या जळमटासारखं दिसतं आणि तोच त्याचा बचाव आहे. शत्रूला ते कचरा वाटावं. पंचाईत अशी की ते आपल्यालाही कचराच वाटतं. लांब दांडीच्या झाडूला जळमट आणि शिंजिराचं घरटं यांतला फरक कळत नाही, आणि झाडू धरणाऱ्याला तो कुणी सांगितलेला नसतो.

दुसरं कारण असं: ‘काढून टाकलं तर बांधेल दुसरीकडे. त्याला काय, पंख आहेत.’ पंख आईबापांना आहेत, अंड्यांना नाहीत. कोणतीही बुलबुलीण अंडी चोचीत धरून नव्या जागी नेत नाही. अंडी घातल्यावर घरटं काढलं की ती वीण संपली. पुन्हा जागा शोधायची, पुन्हा बांधायचं, पुन्हा अंडी घालायची, यात मोसमातले आठवडे जातात आणि पाऊस तोंडावर येतो.

बरं, एवढं करून तुमचा त्रास तरी संपतो का? पक्षी तुमच्याकडे काड्यांसाठी आलेला नव्हता, जागेसाठी आला होता. भोक तसंच ठेवून काड्या तेवढ्या काढल्या तर थोड्याच दिवसांत तीच जोडी नाही तर दुसरी त्याच जागी पुन्हा काड्या आणते. कबुतरांच्या बाबतीत हे घरोघरी पाहिलेलं आहे. सकाळी सज्जा साफ करावा, दुपारी तिथे दोन काड्या आणि वायरीचा एक तुकडा हजर. घरटं मोडण्याचा उपाय निर्दय आहे एवढंच म्हणून मी थांबणार नाही. तो कुचकामी आहे. पिल्लं उडून गेली की त्याच भोकाला पत्र्याचा तुकडा, जाळीचं झाकण किंवा सिमेंटचा थापा लावावा, म्हणजे त्या भोकापुरता प्रश्न मिटतो. पण घरटं रिकामं झालं की आपला रागही ओसरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच भोक, पुन्हा तीच केरसुणी.

तिसरं कारण रोगाचं. हे सगळ्यांत वजनदार आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं अजिबात नाही. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांच्या भुकटीची धूळ दीर्घकाळ श्वासातून आत जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा हा आजार वेळेवर ओळखला गेला नाही तर फुप्फुसांवर कायमचे वण उरतात आणि दोन जिने चढणंही जड होतं. साचलेल्या जुन्या विष्ठेत बुरशी वाढते, तिचा धोका प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जास्त. ज्या घरात असा रुग्ण आहे, ज्या घराच्या एकुलत्या एका खिडकीबाहेर विष्ठेचा थर जमला आहे, तिथे जाऊन ‘कबुतरांवर प्रेम करा’ सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

पण या खऱ्या गोष्टीवरून जी उडी मारली जाते ती खोटी आहे. कबुतरामुळे रोग होतो, म्हणजे पक्ष्यांमुळे रोग होतो, म्हणून जास्वंदाच्या कुंडीतलं बुलबुलाचं घरटं काढा. दोघांतला फरक विष्ठेतच आहे, आणि जरा किळस बाजूला ठेवली तर तो पाहण्यासारखा आहे. बुलबुल, शिंजीर, दयाळ, साळुंकी यांच्या पिल्लांची विष्ठा बाहेर पडते तीच मुळी पांढऱ्या पापुद्र्याच्या पिशवीत बांधलेली. घास गिळून झाला की पिल्लू पाठ फिरवतं, शेपटीकडचा भाग वर करतं, पिशवी बाहेर येते आणि आई किंवा बाप ती अलगद चोचीत उचलून लांब नेऊन टाकतो. पिल्लं अगदी लहान असताना तर ती गिळूनही टाकली जाते. हे दिवसभर चालू असतं. यामागे टापटिपीची हौस नाही. घरटं घाण झालं की शत्रूला पत्ता लागतो. आपला फायदा असा की बुलबुल उडून गेल्यावर कुंडीत उरते ती काड्यामुळ्यांची एक कोरडी वाटी.

कबुतराकडे ही सोय नाही. त्याची पिल्लं घरट्याच्या काठावरच घाण करतात, ती वाळते, तिच्यावर दुसरा थर चढतो आणि त्याच घरट्यात पुढची अंडी पडतात. होल्याच्या घरट्याच्या कडेलाही थोडी घाण साचते, पण होला एक वीण काढून बहुधा निघून जातो. कबुतर जवळपास वर्षभर वितं, आधीची पिल्लं घरट्यात असतानाच नवी अंडी घालू शकतं. एक महिनाभराचा पाहुणा, दुसरा कायमचा भाडेकरू. दोघांना एकाच मापानं मोजणारा माणूस आरोग्याचा विचार करत नसतो, त्याला सज्जा मोकळा हवा असतो.

आरोग्याचा खरोखर विचार करणारी सोसायटी ओळखायची एक सोपी खूण आहे. ती कबुतरांची घाण साफ कशी करते ते बघावं. वाळलेली विष्ठा केरसुणीनं खराखरा झाडली की तिची धूळ होते, आणि रोग असतो तो त्या धुळीत. आधी पाणी मारून थर भिजवावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, ओलं असतानाच खरवडून पिशवीत भरावं. रोगाच्या नावानं सभा गाजवणारे हेच काम सफाई कामगाराकडून कोरड्या झाडूनं, साध्या रुमालाशिवाय करून घेतात. मग ही काळजी नक्की कुणाच्या फुप्फुसांची, असा प्रश्न पडतो.

कबुतरांचा विषय निघालाच आहे तर पुरताच बोलू. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर, म्हणजे कबुतरांना दाणे टाकण्याच्या जागेवर, महापालिकेनं ताडपत्री घातली, जमावानं ती फाडली, आणि तोवर उच्च न्यायालयात गेलेलं प्रकरण घरोघरी पोचलं. त्या गदारोळात धर्म आला, भाषा आली, राजकारण तर आलंच. बाजूला पडली ती एक साधी गोष्ट: कबुतरांची गर्दी घरट्यांमुळे होत नाही, दाण्यांमुळे होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली. संख्या होती तिथेच राहिली, कारण खायला भरपूर असल्यामुळे मेलेल्यांची जागा नवी कबुतरं लगेच भरून काढत. १९८८ मध्ये तिथे नागरिकांना दाणे न टाकण्याबद्दल समजावण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत कबुतरं निम्म्यावर आली. आपल्याकडे एकाच इमारतीत नवव्या मजल्यावरचे गृहस्थ पुण्य म्हणून सकाळी ज्वारीची मूठ भिरकावतात आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई दुपारी घरटी झाडतात. दोघांचंही काम वर्षानुवर्षं चालू राहतं.

कबुतराला सज्ज्यावर बसूच द्यायचं नसेल तर काडी पडायच्या आधी हालचाल करावी: सज्ज्याला बाहेरच्या बाजूनं उतार द्यावा, एसीमागची पोकळी पत्र्यानं बंद करावी, अडगळीचे खोके आणि मोडक्या कुंड्या हलवाव्यात. यात कुणाचा जीव जात नाही आणि हात पुन्हा पुन्हा घाण होत नाहीत.

‘कायदा वाघ-बिबट्यांसाठी असतो,’ असं काही सेक्रेटरी छातीठोकपणे सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या दिलेली आहे, ती त्यांनी वाचावी. पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं, त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही त्या व्याख्येनुसार शिकारीतच मोडतं. पूर्वी उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती, तिच्यात उंदरांच्या पंगतीला कावळाही होता. २०२२ च्या दुरुस्तीनं, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ती अनुसूचीच गेली आणि आपल्या खिडकीशी येणारे बहुतेक पक्षी आज दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिंप्याचं घरटं मोडलं म्हणून उद्या कुणाला बेड्या पडतील असं मी म्हणत नाही. आपल्याकडे कायदे कसे पाळले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण निदान सभेच्या इतिवृत्तात ‘सर्व घरटी काढून टाकण्याचे ठरले’ असं लिहून खाली सही करताना हात थबकायला हरकत नाही.

मग किती दिवस सोसायचं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकांच्या समजुतीपेक्षा बरंच छोटं आहे. बुलबुल साधारण दोन आठवडे अंडी उबवतो आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आत पिल्लं घरटं सोडतात. होला आणि चिमणी यांचंही गणित एकूण महिन्याच्या आसपास. साळुंकीला दीड महिन्यापर्यंत धरा. कबुतराला जवळपास तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ लागतो. गव्हाणी घुबड मात्र तीनेक महिने हलत नाही, आणि त्याच्याबद्दल तक्रारही सर्वांत मोठी असते, कारण ती घाणीची नसून अपशकुनाची असते. पाण्याच्या टाकीखालच्या पोकळीतून रात्री कुणीतरी घोरल्यासारखा, फुत्कारल्यासारखा आवाज येतो आणि गच्चीवर भूत असल्याची बातमी सकाळपर्यंत तळमजल्यावर पोचते. ती घुबडाची पिल्लं असतात, उंदीर मागत असतात. आईबाप रात्रभर उंदीर आणून देत असतात, तेही आपल्याच आवारातले. त्याच सोसायटीच्या जमाखर्चात उंदरांच्या बंदोबस्ताचं बिल शोधलं तर सापडेल.

महिनाभर सोसायचं म्हणजे करायचं काय, तर फार काही नाही. कुंडीला पाणी घालताना धार कडेनं सोडावी. दोरीवरचे कपडे महिनाभर आतल्या स्टँडवर वाळत घालावेत. एक्झॉस्ट पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावावी. कावळ्याचं घरटं खिडकीसमोरच्या झाडावर असेल तर पिल्लं उडेपर्यंत तो टकलावर झडप घालणारच. छत्री उघडून जावं. उन्हाळ्यात छत्री घेतली म्हणून कुणी हसलं तर उन्हाचं कारण सांगता येतं.

दोन ठिकाणं मात्र अशी आहेत जिथे मी घरट्याच्या बाजूनं फार ताणणार नाही. एक गॅस गिझर. त्याच्या धुराच्या नळीच्या तोंडाशी काड्या बसल्या तर कार्बन मोनॉक्साइड न्हाणीघरातच कोंडतो. या वायूला वास नसतो आणि त्यानं माणसं मेलेली आहेत. तिथे घरटं दिसलं की पहिलं काम गिझर बंद करण्याचं. महिनाभर पाणी चुलीवर म्हणजे शेगडीवर तापवता येतं, पिल्लं गेल्यावर नळी साफ करून तोंडाला जाळी बसवता येते. दुसरं, उघड्या जोडण्यांचा विजेचा पॅनेल. तिथे वायरमनशिवाय हात घालू नये, आणि अंडी-पिल्लं असतील तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. घरटं हलवायचंच असेल तर ते ज्यांना कळतं त्यांनी हलवावं. चार हात लांब नेलेलं घरटं बऱ्याच पक्ष्यांना आपलं वाटत नाही.

आता थोडं दुसऱ्या टोकाबद्दल. घरट्याला ‘लक्ष्मी आली’ म्हणून हळदकुंकू वाहणारी मंडळी घरटं पाडत नाहीत हे खरं, पण त्यांचं प्रेम कधी कधी केरसुणीइतकंच महाग पडतं. दर तासाला मोबाइल घरट्यावर धरून फोटो काढले की आई लांब राहते, अंडी गार पडतात, आणि समोरच्या तारेवरचा कावळा ‘इथे काहीतरी आहे’ हे टिपून ठेवतो. पिल्लांना दूधपाव भरवू नये. बुलबुलाच्या पिल्लाला अळ्या आणि किडे लागतात. ‘माणसाचा हात लागला की आई टाकून देते’ ही भीतीही निराधार आहे. खाली पडलेलं बिनपंखाचं पिल्लू खुशाल उचलून घरट्यात ठेवावं. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, जमिनीवर उड्या मारणारं पिल्लू मात्र बहुतेकदा हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. मांजरापासून दूर एखाद्या झुडपात ठेवून आपण बाजूला व्हावं.

२०२० मध्ये दुबईचे युवराज शेख हमदान यांच्या मोटारीच्या काचेवर होल्यानं घरटं केलं, त्यांनी ती मोटार वापरायची थांबवली आणि तिची चित्रफीत जगभर फिरली. छान झालं. पण ताफा पदरी असलेल्याला एक मोटार उभी ठेवणं जड नसतं. त्याच वर्षी तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यातल्या पोत्ताकुडी नावाच्या खेड्यात रस्त्यावरच्या दिव्यांच्या स्विचबोर्डात एका छोट्या पक्ष्यानं अंडी घातली आणि गावानं महिनाभर रस्त्यावरचे दिवे लावलेच नाहीत. तिथे काही जणांनी विरोध केला होता, सापाकिरड्यांचा धाक दाखवला होता. शेवटी गावानं बोलून ठरवलं. ‘सामान्य माणसाला हे परवडत नाही’ म्हणणाऱ्यांपुढे मला हे खेडं ठेवावंसं वाटतं, युवराज नव्हे.

सोसायट्यांचा आवडता उपाय मात्र यांतला कुठलाच नसतो. तो असतो जाळी. जाळीवाला चौरस फुटावर पैसे घेतो, एका दिवसात इमारतीची एक बाजू बंद करतो, आणि कोनाड्यात काय आहे हे बघण्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. आमच्या मागच्या इमारतीच्या डक्टला अशीच जाळी ठोकली गेली तेव्हा एका एसीमागे साळुंकीची पिल्लं होती. दुपारी त्यांची आई नाकतोडा घेऊन आली आणि नायलॉनला नखं रोवून बाहेरच लटकली. डोळ्याभोवतीची पिवळी कातडी, पिवळी चोच, चोचीत तंगड्या हलवणारा नाकतोडा, आणि हातभर अंतरावर आतून चाललेली किरकिर. ती उडायची, पलीकडच्या पाइपावर बसायची, पुन्हा येऊन लटकायची. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं जाळीला पंजा जाईल एवढं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदार येऊन ‘आता वॉरंटी राहणार नाही’ म्हणून गेला. काकूंनी त्याला चहा विचारला नाही.

जाळीला माझा सरसकट विरोध नाही. जिथे कबुतरांनी उच्छाद मांडला आहे तिथे ती हवी. पण ती ताणून बसवलेली हवी, कडेला फट नको, कारण सैल जाळीत घुबडं आणि वटवाघळं अडकून उलटी लटकत मरतात. आणि ती ठोकण्याआधी कुणीतरी आत डोकावून बघायला हवं. ठेक्याच्या कागदात एवढी एक ओळ घालायला पैसे पडत नाहीत: घरटं चालू असेल तो कोपरा पिल्लं गेल्यावर.

शेवटचा आक्षेप कामाचा असतो. ‘इमारतीचं रंगकाम, गळती, प्लास्टर हे सगळं पावसाआधी उरकायचं असतं. परांची बांधून झाली की घरट्यासाठी थांबता येत नाही, रोजाचे पैसे चढतात.’ पैसे चढतात हे मान्य. पण पावसाआधी म्हणजे एप्रिल-मे हे कुणी ठरवलं? बुलबुल, शिंजीर, साळुंकी, दयाळ, कावळा या सगळ्यांची वीण नेमकी याच महिन्यांत भरात असते. नोव्हेंबर ते जानेवारी हवा कोरडी असते, रंग नीट वाळतो, कामगाराच्या डोक्यावर बेचाळीस अंशांचं ऊन नसतं, आणि कबुतर-घुबडांसारखे काही सोडले तर सज्ज्यांवरची वीण बरीच कमी असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिथे खर्च मंजूर करावा, ऑक्टोबरमध्ये तीन कोटेशनं मागवावीत, दिवाळीनंतर परांची चढवावी. त्याच परांचीवरून भोकं बुजवावीत, एसीमागच्या फटी बंद कराव्यात, सज्ज्यांना उतार द्यावा. पुन्हा वेगळा खर्च नाही. आणि सगळी भोकं बुजवल्यावर इमारतीच्या सावलीच्या बाजूला चिमण्यांसाठी दोनचार लाकडी खोकी ठोकावीत. दर २० मार्चला चिमणी दिनाचं पोस्टर लावणाऱ्यांना एवढं जड जाऊ नये. सप्टेंबरात मंजूर झालेलं काम मे उजाडेपर्यंत रखडतं ते कोटेशनांवरच्या भांडणामुळे, आणि त्या भांडणात अजून तरी कुठल्या बुलबुलानं भाग घेतलेला नाही.